काय टाइप केलंत?

चिपळूणच्या एसटी स्टँडजवळ माझं सायबर कॅफे होतं. 22 जुलै 2021 च्या पुरात सात कॉम्प्युटर, प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन चिखलात गेलं, तेव्हापासून गुहागरला माहेरच्या घरी बसून लोकांच्या वेबसाइटी सांभाळते. कॅफेत दिवसातून चारदा तरी कोणी काउंटरशी येऊन म्हणायचं, "ताई, गूगलवर काहीच मिळत नाही." त्यावर माझा ठरलेला प्रश्न असायचा, "काय टाइप केलंत?" निम्म्या लोकांचं काम त्या प्रश्नावरच व्हायचं. या महिन्याची पत्रं वाचतानाही तोंडात तोच प्रश्न येत होता, म्हणून तोच मथळा दिलाय.

एक सूचना आधीच. शोध नेमका करण्यासाठी टाइप करायच्या 'साइट', 'फाइलटाइप' अशा खुणा इथे देवनागरीत छापल्या आहेत. शोधयंत्राला त्या इंग्रजी अक्षरांतच कळतात, तेव्हा टाइप करताना इंग्रजीत करा आणि कोलननंतर मोकळी जागा सोडू नका. जागा सुटली की खूण चालत नाही.

"आमचं मुरूडला (ता. दापोली) पाच खोल्यांचं होमस्टे आहे. दीड वर्षापूर्वी 18,000 रुपये देऊन वेबसाइट करून घेतली, पण गूगलवर ती दिसतच नाही. आता एकजण सारखा फोन करतो, वर्षाला 30,000 द्या, पहिल्या पानावर पहिला नंबर, गॅरंटी. द्यावे का?"
एक होमस्टेवाले, मुरूड

दादा, देऊ नका. का ते सांगते, पण आधी तुमच्या साइटला काय झालंय ते बघू.

गूगलच्या चौकटीत 'साइट', कोलन आणि त्याला चिकटून तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाइप करा. तुमच्या साइटची जी पानं गूगलच्या यादीत असतील ती खाली दिसतात. मी करून बघितलं, एकही पान आलं नाही. म्हणजे तुमचा नंबर खाली आहे असं नाहीच, तुमचं नावच हजेरीपटावर नाही. परवा फोनवर आपण दोघांनी मिळून साइटच्या आत शिरून बघितलं ते वाचकांसाठी सांगते. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या एका तयार साधनावर आहे. तिथे सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाचं पान असतं आणि त्याच्या तळाशी एक छोटा चौकोन असतो. त्यात खूण केली की साइट शोधयंत्रांना सांगते, "मला यादीत घेऊ नका." साइट अर्धवट असताना ती लोकांना दिसू नये म्हणून करणारे ही खूण करून ठेवतात. तुमची करणाऱ्यानेही केली आणि काढायला विसरला. दीड वर्ष दुकान मांडलेलं, दिवे लावलेले आणि दाराला आतून कडी! फोनवर तुम्ही ती खूण काढलीत तेव्हा "एवढंच?" असं जे म्हणालात, ते ऐकून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

आता पुढचं. गूगलचं 'सर्च कन्सोल' हे साइटवाल्यांसाठीचं साधन फुकट आहे. साइट तुमचीच आहे याची खात्री पटवायला त्यात एक छोटी ओळ साइटमध्ये घालावी लागते. मग साइटमॅप (साइटच्या पानांची यादी) द्या आणि मुख्य पानाचा पत्ता टाकून यादीत घेण्याची विनंती करा. काही दिवस लागतील, कदाचित काही आठवडे. मध्ये रोज बघत बसू नका. आणि हो, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते त्या करणाऱ्याला आजच विचारा. त्याच्या नावावर असेल तर आधी तुमच्या नावावर करून घ्या. उद्या त्याने फोन उचलला नाही तर पत्ताच हातचा जाईल.

यादीत आलात की खरा प्रश्न सुरू होतो. तुमच्या पहिल्या पानावर लिहिलंय, 'निसर्गाच्या कुशीत, निळ्याशार सागराच्या साक्षीने एक अविस्मरणीय अनुभव'. हे वाक्य केळव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही साइटवर चिकटवा, बसेल. पण पुण्यात बसलेला माणूस 'अविस्मरणीय अनुभव' टाइप करतो का? तो टाइप करतो 'मुरूड बीच रूम', आणि तिथेच तुमची गोची आहे, कारण मुरुडं दोन. एक तुमचं, हर्णै-कर्द्याच्या शेजारचं, आणि दुसरं रायगडातलं, जंजिऱ्याचं. तुमच्या सगळ्या साइटवर 'दापोली' हा शब्द एकदाच आहे, तोही संपर्काच्या पानावर, पत्त्यात. ब्राउझरच्या टॅबवर जे शीर्षक दिसतं तिथे नुसतं 'होम' आहे. शोधाच्या निकालात निळ्या अक्षरांत बहुतेकदा तेच शीर्षक येतं. 'होम' वाचून कोण दाबणार? तिथे 'मुरूड (दापोली) किनाऱ्याजवळ घरगुती जेवणाचं होमस्टे' असं काहीतरी साधं, खरं लिहा.

बाकी मजकुरासाठी एक युक्ती सांगते. गेल्या महिन्यात आलेले फोन आठवा. लोक काय विचारतात? समुद्र चालत किती मिनिटं? गाडी लावायला जागा? जेवण शाकाहारी की मासेही? ताम्हिणीवरून यावं की महाबळेश्वर-पोलादपूरवरून? खेड स्टेशनला उतरलं तर पुढे काय? फोनला रेंज कुठली येते? आई-बाबांना जिना चढावा लागेल का? हे प्रश्न जसेच्या तसे घ्या आणि प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी सरळ उत्तर लिहा. फोनवर विचारतात तेच लोक गूगललाही विचारतात. तिकडे आजी-आजोबांसाठी जिना नसलेली खोली शोधणारा कोणी असेल, त्याला तुमची तळमजल्यावरची खोली सापडेल. कुशी आणि साक्षी एका ओळीत आटपा.

तुमच्या पहिल्याच फोटोचं वजन सात एमबी आहे. गूगलचं म्हणणं असं की पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा. तुमचा फोटो माझ्या फोनवर येईपर्यंत मी चहाचं आधण ठेवून आले. फोटो लहान करून चढवा.

नकाशावरची नोंद ही वेगळी गोष्ट आहे आणि तुमच्यासाठी कदाचित साइटपेक्षा मोठी. गूगलचं हे 'बिझनेस प्रोफाइल' फुकट असतं, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तिथे कोण वर येणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं असं गूगल सांगतं: तुम्ही शोधाशी किती जुळता, किती जवळ आहात आणि लोकांना किती माहीत आहात. जवळ असणं तुमच्या हातात नाही, पण पिन बरोबर घराच्या दारावर टेकवणं तुमच्या हातात आहे. नावात 'बेस्ट बीच होमस्टे दापोली' असलं काही घुसडू नका. पाटीवर जे नाव आहे तेच लिहा, नाहीतर नोंद बंद होऊ शकते. चांगल्या अभिप्रायासाठी दहा टक्के सूट देणंही नियमाबाहेर आहे. जाताना पाहुण्यांना "आवडलं तर दोन ओळी लिहा" एवढं म्हणायला काही हरकत नाही. पावसाळ्यात बंद ठेवत असाल तर तशी नोंद करा. बंद घरासमोर भिजत उभा राहिलेला माणूस एकच तारा देतो.

आता ते 30,000. पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलनेच लिहून ठेवलंय. मग हे लोक गॅरंटी कशी देतात? तुमच्याच होमस्टेचं नाव टाइप करून दाखवतात! त्या नावाचं जगात दुसरं कोणी नाही, तुम्ही पहिले येणारच. दुसरा मार्ग म्हणजे विकतचे दुवे, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्या साइटींवर लावून घेतलेल्या लिंक. 1998 साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल उभं केलं ते या कल्पनेवर, की एका पानाने दुसऱ्याचा दुवा देणं म्हणजे त्याची शिफारस करणं. शिफारसीला किंमत आली म्हटल्यावर तिचा बाजारही भरला. 2012 मध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल आणून गूगलने असल्या खोट्या शिफारशींवर चाप लावला, त्यात कित्येक साइटी तळाला गेल्या. मी स्वतः 2011 मध्ये एका गिऱ्हाइकाला असले दुवे घेऊन दिले होते. पुढच्या वर्षी त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटली. त्यापेक्षा आंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात त्यावर एक पान लिहा: तुमच्या घरून पहाटे किती वाजता निघायचं, गाडी कुठे लावायची, काय करायचं नाही. असं पान लोक आपणहून एकमेकांना पाठवतात.

"विजयदुर्गच्या किल्ल्यावर हेलियमचा शोध लागला असं आम्ही मुलांना शिकवतो. एका सहकाऱ्याचं म्हणणं हे चूक आहे. गूगलवर शोधलं तर शंभर ठिकाणी तेच लिहिलंय. खरं कसं शोधायचं?"
एक शिक्षिका, ता. देवगड

बाई, तुमच्या पत्राने माझी एक अख्खी दुपार खाल्ली, आणि मजा आली.

शंभर ठिकाणी तेच आहे याचा अर्थ शंभर जणांनी तपासलंय असा नाही. त्यातलं एखादं जरा वेगळं वाक्य उचला, दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधा. अवतरणचिन्हं घातली की शब्द त्याच क्रमाने असलेली पानंच येतात. मी केलं, तर तेच वाक्य, त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसकट, पानामागून पान. म्हणजे साक्षीदार एकच, बाकी सगळे त्याचे प्रतिध्वनी.

मग प्रश्न असा की त्या काळी ज्याने हे पाहिलं त्याने काय शब्द लिहिले असतील? गोष्टीतलं नाव आहे नॉर्मन लॉकियर. तो इंग्रज. त्याने 'विजयदुर्ग' कसं लिहिलं असेल? आजच्या इंग्रजी स्पेलिंगने शोधलं तर आजचीच पानं येतात. जुन्या इंग्रजी कागदांत हे नाव 'व्हिझियाड्रुग' असं येतं: व्ही, आय, झेड, आय, ए, डी, आर, यू, जी. हे स्पेलिंग अवतरणचिन्हांत आणि शेजारी लॉकियरचं आडनाव. गूगल मध्येच "तुम्हाला विजयदुर्ग म्हणायचं होतं का" असं शहाणपण करतं, तेव्हा 'टूल्स'मध्ये जाऊन 'व्हर्बॅटिम' निवडा, म्हणजे टाइप केलंय तेच शोधतं.

आणि लागलं हाताला. रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये व्हिझियाड्रुगच्या सूर्यग्रहणाचं निरीक्षण, लॉकियरच्याच नावावर. तारीख मात्र 22 जानेवारी 1898!

आता दुसऱ्या बाजूने. हेलियमच्या गोष्टीतलं ग्रहण 18 ऑगस्ट 1868 चं. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश रंगांत फोडला की दिसणाऱ्या तेजस्वी रेषा ग्रहण नसतानाही बघता येतील हे त्याच्या तिथेच लक्षात आलं. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होता. 20 ऑक्टोबर 1868 ला त्याने ग्रहणाशिवायच त्या रेषा बघितल्या. त्यातली पिवळी रेषा सोडियमची नव्हती, ती कुठल्या तरी अनोळखी मूलद्रव्याची असावी असं ठरलं आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं गेलं. पृथ्वीवर ते विल्यम रॅम्झेला सापडलं 1895 मध्ये.

म्हणजे लॉकियर विजयदुर्गला आला होता हे खरं, पण 1868 ला नाही, 1898 ला. हेलियमला नाव मिळून तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. किल्ल्यावरच्या ज्या चौथऱ्यांना गावात 'साहेबाचे ओटे' म्हणतात त्यांची गोष्ट या दुसऱ्या ग्रहणाशी जुळते. दोन ग्रहणं आणि एक साहेब, बोलता बोलता एकाच गोष्टीत मिसळले. तुमच्या सहकाऱ्याला चहा पाजा. पण मुलांना "आपल्याकडे काही झालंच नाही" असं मात्र सांगू नका. एवढं सामान घेऊन ती मंडळी त्या किल्ल्यावर ग्रहण बघायला आली होती, ही गोष्ट काही लहान नाही.

"आता गूगल निकालांच्या वरच एआयचं तयार उत्तर देतं. खालची पानं उघडायची गरज उरली का?"
महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मालवण

वरचं हेलियमचं उत्तर वाच. तयार उत्तर त्याच पानांवरून शिजतं. शंभर पानांनी 1868 म्हटलं तर त्यालाही 1868 म्हणायचा मोह होणार. उत्तराशेजारी दुवे दिलेले असतात, ते उघडून तारीख आणि लिहिणारा बघ. आणि नुसती पानंच हवी असतील तर निकालांच्या वर 'वेब' नावाचा टॅब आहे, कधी तो 'मोअर'च्या आत लपलेला असतो.

"आमचा बायकांचा बचत गट भिरंडाचं आगळ आणि सोलं करतो. वेबसाइटवर सगळं मराठीत नीट लिहिलंय, पण ऑर्डर फक्त ओळखीच्यांच्याच. कुठे चुकतंय?"
बचत गटाच्या एक सदस्य, ता. कुडाळ

ताई, चुकलं काहीच नाही. तुमच्या साइटवरची भाषा वाचून मला माझ्या आजीचं स्वयंपाकघर आठवलं. पण 'भिरंड' हा शब्द कुडाळात कळतो, रत्नागिरीत त्याच फळाला रातांबा म्हणतात, पुण्याच्या बाईला आमसूल माहीत आणि सोलं म्हटलं तर तिला वाल सोलल्यासारखं वाटेल. मुंबईचा मुलगा इंग्रजीत 'कोकम' टाइप करणार, तेही कधी यू घालून, कधी ए घालून. आगळ तर फार थोड्यांना माहीत. बाकीचे शोधतात 'सोलकढीसाठी कोकम'.

म्हणून भिरंड काढू नका. तो तुमचा शब्द आहे, आणि तो शोधणारा मुंबईतला मालवणी माणूस तुमचं पहिलं गिऱ्हाईक आहे. पण पहिल्याच परिच्छेदात एकदा सांगून टाका: भिरंड म्हणजे रातांबा, म्हणजेच कोकमाचं फळ, त्याची साल वाळवली की सोलं किंवा आमसुलं, मीठ घालून काढलेला घट्ट रस म्हणजे आगळ, साखरेचं ते सरबत. कोकम, कोकम, कोकम असं वीसदा लिहायची गरज नाही. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवायचे दिवस कधीच गेले. कोणी 'कीवर्ड मेटा टॅग भरून देतो' म्हणून पैसे मागितले तर सांगा, तो टॅग, म्हणजे पानामागे लपलेली शब्दांची यादी, आपण क्रमवारीसाठी बघत नाही असं गूगलने 2009 मध्येच जाहीर केलंय.

लोक काय टाइप करतात ते कसं कळणार? गूगलच्या चौकटीत 'कोकम' एवढंच लिहून थांबा आणि खाली जे सुचतं ते वहीत उतरवा. 'लोक हेही विचारतात' असा एक ठोकळा येतो, तोही वाचा. आणि सर्च कन्सोलमध्ये 'परफॉर्मन्स' उघडा. तुमची साइट कुठल्या शब्दांवर दिसली, कितीजणांनी दाबलं, असा सोळा महिन्यांचा हिशेब तिथे असतो. तुमच्या गटाने मला दाखवला त्यात सगळ्यात वर होतं 'आगळ म्हणजे काय'. बघा, लोक विचारत होते आणि तुमच्या पानावर उत्तरच नव्हतं, फक्त बाटलीचा भाव!

इंग्रजी पान वेगळं करा, पण कोणाकडून तरी नीट लिहून घ्या. मी एकदा यंत्राकडून भाषांतर करून घेतलं, तर आगळचा झाला दाराचा अडसर. मराठीत तोही अर्थ आहे खरा, पण बाटलीत अडसर कोण विकत घेईल? फोटोंची नावं 'आयएमजी 0047' अशी ठेवू नका, फोटोसोबतच्या वर्णनात 'उन्हात वाळत घातलेली आमसुलं' असं लिहा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण ते बिरुद वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती झाली की मगच लिहा.

"बाबांनी गूगलवरून कस्टमर केअरचा नंबर काढून फोन केला आणि खात्यातले पैसे गेले."
एक वाचक, ता. श्रीवर्धन

फार वाईट वाटलं. झाल्या झाल्या पहिलं काम म्हणजे 1930 ला फोन, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार. जितका उशीर तितकी आशा कमी.

पुढच्यासाठी एकच सांगते. फोन नंबर ही गोष्ट शोधयंत्रात शोधायचीच नाही. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो, पासबुकावर असतो. निकालात सगळ्यात वर 'प्रायोजित' लिहिलेलं असेल ती जाहिरात असते, पैसे भरून लावलेली. नकाशावरच्या नोंदींत कोणीही बदल सुचवू शकतो, त्यात नंबरही आला. सरकारी कामाला, सातबारा असो की दाखला, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा, किंवा शोधतानाच 'साइट' कोलन लावून जीओव्ही डॉट इन जोडा, म्हणजे दिसायला सरकारी पण भलत्याच साइटी गळतात. बाबांना रागावू नका. ते गळाला लागले, कारण गळ टाकणारा रोज तेच करतो.

"हापूसमध्ये साका फार होतोय. मराठीत शोधलं की औषधं विकणाऱ्यांचे व्हिडिओ येतात. खात्रीची माहिती कुठे?"
आंबा बागायतदार, ता. राजापूर

'साका', म्हणजे आंब्याचा आतला गर स्पंजासारखा खराब होणं, हा आपला शब्द. संशोधक त्याला इंग्रजीत 'स्पॉन्जी टिश्यू' म्हणतात. तुम्ही 'चौदा आणे तयार' म्हणता, तिथे ते '85 टक्के पक्वता' लिहितात. तुडतुड्याला हॉपर, फुलकिड्याला थ्रिप्स, भुरीला पावडरी मिल्ड्यू. बागेतली भाषा टाइप केली की बाजारातली पानं येतात, प्रयोगशाळेतली भाषा टाइप करा.

दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून याच मातीत काम करतंय. त्यांची साइट डीबीएसकेकेव्ही डॉट ओआरजी. 'साइट' कोलन हा पत्ता, मग जागा सोडून 'मँगो' किंवा 'आंबा'. छापील शिफारशी हव्या असतील तर 'फाइलटाइप' कोलन पीडीएफ जोडा. नुसतं 'स्पॉन्जी टिश्यू अल्फान्सो' शोधलंत तरी पुष्कळ शोधनिबंध निघतात. त्यात आंबा पूर्ण पिकू न देता वेळेवर काढणं आणि झाडाखालची जमीन फार तापू न देणं हे मुद्दे परत परत येतात. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या 'रत्ना'चंही नाव येईल, त्यात साका नसतो म्हणून.

फवारणीच्या वेळापत्रकाबाबत मात्र जपा. तिथे 'टूल्स'मध्ये जाऊन गेल्या वर्षभरातलंच निवडा. आठ वर्षांपूर्वीच्या पीडीएफमधलं औषध आज शिफारशीत असेलच असं नाही. आणि एवढं सगळं करण्याआधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात फोन करा. मी वेबसाइटीवाली, झाडावर कधी चढलेली नाही.

"सुवर्णदुर्गावर जुनं इंग्रजी लिखाण वाचायचं आहे. थोडकंच मिळतं."
निवृत्त पोस्टमन, हर्णै

काका, व्हिझियाड्रुगसारखीच गंमत इथे आहे. इंग्रज सुवर्णदुर्गाला 'सेव्हर्नड्रूग' म्हणायचे, बाणकोटला 'बँकूट', विजयदुर्गाला कधी 'घेरिया'. पण सेव्हर्नड्रूग टाइप केलंत की पानंच्या पानं लंडनमधल्या एका मनोऱ्याची येतील. झालं असं की 1755 मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला आणि त्याच्या मृत्यूनंतर बायकोने 1784 मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला. नाव ठेवलं सेव्हर्नड्रूग कॅसल. तेव्हा तुम्ही सेव्हर्नड्रूग, मग जागा, मग वजा चिन्ह आणि त्याला चिकटून 'कॅसल', परत जागा, वजा चिन्ह, 'लंडन' असं लिहा. वजा लावलेला शब्द ज्या पानात आहे ती पानं गळतात. शेजारी 'आंग्रिया' जोडलंत तर आणखी बरं, आंग्र्यांना ते तसंच लिहायचे.

रत्नागिरी आणि सावंतवाडीचं जुनं गॅझेटियर 1880 चं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला दहावा खंड. ते आर्काइव्ह डॉट ओआरजीवर फुकट वाचता येतं आणि पुस्तकाच्या आतही शोधता येतं. हर्णै शोधताना स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी घालून बघा. जे कुठलं लागलं ते मला पोस्टकार्डावर कळवा, तुमच्या अक्षरातलं पत्र बऱ्याच दिवसांनी वाचायला मिळालं.